बांधावर ताड लावावा काय?

गेल्या एक-दोन वर्षांपासून आमच्या बिद्री गावी व आसपासच्या खेड्यांतून ताडाच्या झाडाविषयी जी चर्चा ऐकू येते, तिच्यात सार किती व फोल किती हे एकदा पाखडून ठेवावे, या हेतूने हा लेख लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. कोणी म्हणतो, बांधावर ताड असला म्हणजे वीज माणसावर न पडता झाडावर पडते, सबब सरकारने तो गावोगाव फुकट लावून द्यावा. कोणी म्हणतो, नीरा व ताडगूळ यांत उसाहून अधिक पैसा आहे. तिसरे काही गृहस्थ असे आहेत की, त्यांस या झाडाचे नावही नको; ताड आला की ताडी आली, आणि ताडी आली की घर बुडाले, असा त्यांचा सरळ हिशेब. आमचे मत या तिघांहून निराळे आहे. ताड अवश्य लावावा; परंतु विजेच्या भीतीने लावू नये, आणि नीरेच्या लोभाने तर मुळीच लावू नये. तो बांधाकरिता लावावा, व रोप विकत न आणता बी टोकून लावावा. असे मत का झाले त्याची कारणे आता देतो.

प्रथम ताड म्हणजे नेमके कोणते झाड हे सांगितले पाहिजे. कारण आमच्या कागल-भुदरगडाच्या भागात ते विरळा, आणि पुष्कळ लोक ओढ्याकाठच्या शिंदीसच ताड समजतात. नारळाचे व शिंदीचे पान पिसासारखे असते, म्हणजे मधल्या दांड्याच्या दोहों बाजूंस पात्या फुटलेल्या असतात. भेरली माडाच्या पानाचे तुकडे माशाच्या परासारखे दिसतात. ताडाचे पान मात्र उघडलेल्या पंख्यासारखे असून, देठाच्या टोकापासून सर्व शिरा एकदम पसरतात, व देठाच्या दोन्ही कडांस करवतीसारखे कठीण दाते असतात. शास्त्रज्ञांनी या झाडास बोरॅसस फ्लॅबेलिफर असे नाव दिले आहे; त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ पंखा धारण करणारा असाच होतो. याचा एक थोरला भाऊबंद श्रीताड होय. त्याच्या बियांचे मणी आपल्याकडे बजरबट्टू म्हणून मुलांच्या गळ्यात घालीत. श्रीताड जन्मात एकदाच फुलतो व फळे पिकली की मरतो. त्यामुळे तो बांधाच्या कामाचा नाही. कर्नाटकातील मूडबिद्री येथे जैनांचा षट्खंडागम हा ग्रंथ शतकानुशतके ताडपत्रांवर जपून राहिला, हे पुष्कळांस ठाऊक असेल. अशा जुन्या पोथ्यांस श्रीताडाचे रुंद व मऊ पान अधिक मानवत असे. आमच्या बिद्रीचा त्या बिद्रीशी नावापलीकडे काही संबंध असल्यास तो आम्हांस माहीत नाही.

हल्ली रोपवाटिकांतून पंख्याच्या पानाची आणखी काही झाडे मिळतात. वॉशिंग्टोनिया हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया व मेक्सिको या रुक्ष प्रदेशांतले झाड, व लिव्हिस्टोना हे चीन-जपानकडचे. मंगल कार्यालयाच्या दारी किंवा शेतघराच्या वाटेवर ही झाडे मोठ्या किमतीस आणून दुतर्फा लावण्याची चाल पडली आहे. शोभेचा खर्च ज्याचा त्याने करावा. त्यास आमची हरकत नाही. परंतु ज्यांच्या फळाचा, पानाचा वा लाकडाचा शेतकऱ्यास काडीचा उपयोग नाही अशा झाडास हजारो रुपये मोजावयाचे, आणि ज्याचे बी समुद्रकाठी पावसाळ्यात झाडाखाली पडून सडते त्या देशी ताडास ओळखावयाचेही नाही, हा व्यवहार शेतकऱ्यास शोभत नाही. बलरामाच्या हाती नांगर व ध्वजावर ताड, म्हणून त्यास हलायुध व तालध्वज ही दोन्ही नावे आहेत. नांगर आपल्या घरी राहिला, ताड मात्र नुसता शब्दात उरला. पावसाची सर आली की गुऱ्हाळावर किंवा गुळाच्या गाडीवर आपण जी ताडपत्री ओढतो, तिच्यात ताडही नाही व पत्रही नाही. पण एके काळी पाऊस कशाने अडवीत असत त्याची साक्ष तो शब्द देतो.

आता विजेचा विषय. हा विषय थट्टेवारी नेण्यासारखा नाही. चैत्र-वैशाखात वळवाचे ढग आले की आमच्या भागातही शेतात काम करणारी माणसे व झाडाखाली बांधलेली जनावरे विजेने दगावतात. ओडिशा सरकारने २०१५ साली वीज पडणे ही राज्याची आपत्ती म्हणून जाहीर केली, व २०२४ साली ताड तोडण्यास मनाई करून लक्षावधी नवे ताड लावण्याचे ठरविले. त्याच्याही आधी, २०१७ च्या सुमारास, बांगलादेशाने दहा लक्ष ताड लावण्याचा घाट घातला होता. त्याची गत काय झाली ते पाहण्यासारखे आहे. बी रस्त्याकडेस टोकले गेले, पण राखण करणारे कोणी नव्हते. पुष्कळ रोपे मेली, आणि २०२२ साली तेथील सरकारने ते काम सोडून दिले. ताड वाढण्यास तीस-चाळीस वर्षे लागतात, तोवर माणसांनी काय करावे, असा प्रश्न तेथे निघाला. आमच्या मते हा प्रश्न आरंभीच निघावयास हवा होता.

हिशेब सोपा आहे. आपण एखादा मुलगा झपाट्याने वाढला म्हणजे ताडमाड वाढला असे म्हणतो. परंतु ताडाइतके सावकाश वाढणारे झाड थोडे असेल. पहिली चार-पाच वर्षे त्यास खोड असे दिसतच नाही, नुसती पाने जमिनीतून निघतात. पुढे खोड वर सरू लागले की वर्षास साधारण एक फूट. म्हणजे आज टोकलेले बी पन्नास फूट उंच होण्यास अर्धे शतक उलटते. उंच झाडावर वीज पडण्याचा संभव अधिक, एवढे खरे. पण म्हणून त्याच्याभोवतीचे सारे शिवार निर्धोक झाले असे होत नाही. एका झाडाच्या उंचीचा आसरा थोड्याच अंतरापर्यंत पोचतो. उलट, त्याच झाडाखाली कोणी उभा असेल तर बुंध्यावरून उतरणारी वीज बाजूस उडी घेऊन त्यास गाठते. ताडाने वीज ओढून घेतली व आपण वाचलो, असे सांगणारा मनुष्य भेटतो. झाडाखाली उभा राहून मेलेला सांगावयास येत नाही. कावळा बसण्यास व ताडफळ पडण्यास एक गाठ पडली म्हणून आपल्या पूर्वजांनी काकतालीय न्याय हा शब्द घडविला. या गोष्टीस तो अक्षरशः लागू पडतो.

यास्तव विजेपासून जीव वाचविण्याचे मार्ग निराळे धरावेत. ढगाचा गडगडाट ऐकू येताच हातातील काम टाकून पक्क्या घरात जावे. कोणत्याही झाडाखाली, मग तो ताड असो की आंबा, उभे राहू नये. जनावरे झाडास बांधू नयेत. पुणे येथील उष्णदेशीय हवामान संस्थेने दामिनी नावाचे जे साधन मोबाईलवर फुकट दिले आहे, ते घरातील एखाद्या लिहित्या मुलाकडून उतरवून घ्यावे. आपल्या आसपास वीज पडण्याची सूचना ते थोडी आधी देते. ताड आहे म्हणून निर्धास्त झालेला शेतकरी हा ताड नसलेल्या शेतकऱ्याहून अधिक धोक्यात आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

नीरेच्या लोभाविषयी लिहिण्यापूर्वी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ताडगूळ ही उत्तम वस्तू आहे. डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याने शिंदी व ताड यांच्या गुळाचे काम मोठ्या निष्ठेने हाती घेतले, व गजानन नाईक यांनी त्यात फार श्रम केले. त्यांचा मुद्दा असा होता की, ज्या झाडाच्या रसाने माणूस नशेत बुडतो, त्याच रसाचा गूळ केला तर तेच झाड त्याचे पोट भरील. मुद्दा आजही खरा आहे. नीरेत दहा-बारा टक्क्यांच्या आसपास साखर असते. सुमारे आठ लिटर नीरा आटविली की एक किलो गूळ पडतो. काहील, चुलवाण व गुळव्या यांची आमच्या जिल्ह्यास उणीव नाही. चुन्याचे काम काय व पाक केव्हा उतरवावा हे येथील पोरासही कळते.

परंतु रस उतरविणे ही निराळी विद्या आहे. फुलाचा कोका दररोज पातळ कापावा लागतो, मडक्यास आतून चुना लावावा लागतो, व झाडावर दिवसातून दोन वेळा चढावे लागते. एक दिवस चुकला तर रस आटतो. चुना कमी पडला तर दुपारपर्यंत नीरेची ताडी होते. कोकणपट्टीत भंडारी लोकांनी ही विद्या पिढ्यान् पिढ्या जतन केली. आमच्या गावात साठ फूट उंच बिनफांदीच्या झाडावर रोज दोनदा चढणारा मनुष्य दाखवा, आणि मग नीरेची गोष्ट काढा. त्यात आणखी एक अडचण अशी की, रसाचा हंगाम व उसाच्या गाळपाचा हंगाम एकच, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षापासून उन्हाळ्यापर्यंत. त्या दिवसांत आमच्या दूधगंगा-वेदगंगा कारखान्याचा भोंगा सुरू असतो, तोडणीस माणूस मिळावा म्हणून शेतकरी टोळीच्या मुकादमाच्या पायऱ्या झिजवीत असतो. ऊस तोडण्यास जेथे माणूस नाही, तेथे ताडावर चढण्यास तो कोठून येणार?

शिवाय कायद्याची बाब आहेच. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यापासून ताडीच्या झाडावर सरकारची नजर आहे. १९४९ चा दारूबंदी अधिनियम आजही महाराष्ट्रात चालू असून, त्याअन्वये ताड, माड, शिंदी या झाडांतून रस काढावयाचा तर, तो नीरा म्हणून असला तरी, परवाना पाहिजे. झाड आपले, जमीन आपली, म्हणून कोका कापला तर तो गुन्हा होतो. आम्ही सरकारी दप्तरात आयुष्य घालविले आहे. परवाना काढणे व तो दरसाल चालू ठेवणे यात किती खेपा पडतात ते आम्ही जाणतो. दहा झाडांकरिता त्या खेपा घालणे कोणासही परवडणार नाही.

आता राहिले ताडीच्या नावाने झाडासच नाके मुरडणारे. त्यांस एवढेच विचारावेसे वाटते की, मोहाची दारू होते व द्राक्षाचीही होते, म्हणून ती झाडे कोणी उपटून टाकली आहेत काय? उसाच्या मळीपासून काय काय निघते ते तर आमच्या भागात सांगावयासच नको. रस काढल्याशिवाय ताडी होत नाही, आणि रस काढणारा येथे नाही हे वर सांगितलेच आहे.

मग ताड लावावयाचा कशासाठी? आमचे उत्तर: बांधासाठी.

महसूल खात्यात काम करणाऱ्यास शेतीतील पिकांपेक्षा शेतीतील भांडणे अधिक पाहावयास मिळतात, आणि त्या भांडणांत बांध कोरल्याची भांडणे सर्वांत पुष्कळ व सर्वांत चिवट. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने वाटण्या आटोक्यात येतील अशी आशा होती; प्रत्यक्षात तोंडी वाटण्या होतच राहिल्या व बांधांची संख्या वाढतच गेली. बैलाचा नांगर होता तोवर बांध निदान वर्षास बोटभर कोरला जाई. ट्रॅक्टर आल्यापासून एका फेरीत वीतभर जातो. हत्ती फिरावा असे बांध आम्ही पाहिले आहेत, आणि त्याच जागी आज उसाच्या दोन सरींच्या मध्ये पाय ठेवण्यास जागा नाही हेही पाहिले आहे. सख्ख्या भावांनी हातभर जमिनीवरून दिवाणी दावे घातले. दाव्याच्या खर्चात त्या हातभर जमिनीच्या दसपट जमीन विकत आली असती. मोजणीचे दगड रोविले जातात. पुढे एखाद्या नांगरटीत ते उपटून विहिरीवर किंवा गोठ्याच्या पायरीस बसलेले आढळतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, याने हद्दीच्या खुणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी जमीन धारण करणारावरच टाकली आहे. पण दगड बोलत नाही, आणि उपटला तर ओरडतही नाही.

ताड उपटता येत नाही. त्याचा बुंधा एकदा जमिनीवर आला की त्यास नांगराचा फाळ अडतो, म्हणून ट्रॅक्टरवाला मुकाट्याने बाजूने जातो. तो शंभर वर्षांच्या आसपास जगतो, म्हणजे तीन पिढ्यांस हद्द दाखवितो. त्यास फांद्या नाहीत. सावली थोडी पडते व तीही सूर्याबरोबर फिरत राहते, त्यामुळे चिंच, आंबा किंवा बाभूळ यांच्याखाली पीक जसे मारले जाते तसे ताडाखाली होत नाही. बांधालगतची सरी थोडी मार खाते, हे मात्र लपवावयाचे कारण नाही. त्याची मुळे दोरखंडासारखी तंतुमय असून बांधाची माती धरून ठेवतात. थोड्या खारवट किंवा चिबड जागीही तो तग धरतो. आपल्याकडे जादा पाण्याने कोपरेच्या कोपरे पडीक पडत आहेत, तेथे दुसरे झाड लावण्यापेक्षा हे लावून पाहण्यासारखे आहे. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत नदीकाठच्या पट्ट्यात बांध कोठे होता हेच पुष्कळांस पाणी ओसरल्यावर कळेना. तेथे ताडाची रांग उभी असती तर निदान ओळंबा धरता आला असता. पुराच्या तोंडावर कोवळे रोप मात्र गाळाखाली जाऊन हाती लागत नाही, सबब अशा ठिकाणी उंच टेपावर लावावे.

येथे एक इशारा दिला पाहिजे. झाड लावल्याने हद्द ठरत नाही. हद्द मोजणीने ठरते. म्हणून आधी रीतसर मोजणी करून घ्यावी, शेजाऱ्यास बोलवावे, बांध सामाईक असेल तर फळाचा वाटा कसा राहील ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि मग बी टोकावे. चुकीच्या ओळीत लावलेला ताड हे शंभर वर्षांचे भांडण होय. लावल्यावर त्याची नोंद करावी. २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आहे, तीत बांधावरची झाडे नोंदविण्याची सोय आहे. ती कोणी फारशी वापरीत नाही. ऊस नोंदविला की काम झाले, असे लोक समजतात. विजेच्या तारांखाली ताड कदापि लावू नये. फांदी छाटावी तसा ताड छाटता येत नाही. शेंडा कापला की झाड मेले.

लागवडीची रीत आता जरा विस्ताराने सांगतो. कारण बहुतेकांचा ताड येथेच फसतो. ताडाचे फळ दोन वेळा उपयोगी पडते. उन्हाळ्यात कोवळे असता त्यातून ताडगोळे निघतात, ते वाचकांनी मुंबई-पुण्यास किंवा कोल्हापुरास खाल्ले असतील. तेच फळ झाडावर ठेवले तर पावसाळ्यात पिकून, आत केशरी गर धरून, आपोआप खाली पडते. बियाकरिता हे पडलेले फळच घ्यावे. एका फळात एक ते तीन आठळ्या असतात. फळे सावलीत चार-आठ दिवस ढीग करून ठेवली म्हणजे गर सैल होतो, मग तो काढून टाकावा. टाकावा असे आम्ही म्हणतो खरे, पण बंगाल्यात भाद्रपदात त्या गराची पक्वान्ने होतात. आठळी फार दिवस साठवू नये. वाळली की तिची उगवण झपाट्याने कमी होते.

ताडाच्या उगवणीची तऱ्हा विलक्षण आहे. आठळीतून प्रथम जो कोंब निघतो तो वर न येता सरळ खाली जातो, आणि रोपाचा जीव आपल्या टोकात घेऊन जमिनीत हातभर, कधी त्याहूनही खोल उतरतो. तेथे त्यास गाजरासारखा कंद येतो, आणि मग त्या कंदातून पान वर चढते. दीड-दोन महिन्यांत कोंब फुटला तरी पान दिसण्यास पुष्कळ महिने, कधी वर्षही लागते. या गोष्टीवरून दोन नियम निघतात. एक, उघड्या जमिनीतले रोप उपटून दुसरीकडे लावू नये; ते जगत नाही. पिशवीतले रोप घेणेच झाले तर ते फार लहान असावे व पिशवी चांगली लांब असावी. दुसरा, जेथे झाड हवे तेथेच बी टोकावे, आणि टोकल्यावर उगवले की नाही ते पाहण्यासाठी उकरू नये. आमच्या शेतकऱ्यास हा दुसरा नियम पाळणे अवघड जाते. पोरांसही ताकीद द्यावी, कारण कोंब फुटलेल्या आठळीत पांढरा, गोड, स्पंजासारखा गर भरतो, आणि एकदा त्याची गोडी कळली की बांधावर एकही आठळी शिल्लक राहत नाही.

जागा निवडताना खाली सलग पाषाण नाही ना, हे पहारीने पाहून घ्यावे. हात-दीड हात खोल खड्डा घेऊन, त्याच्या तळाशी पहारीने आणखी खाली माती सैल करावी. काळी, चिकण जमीन असेल तर वाळू किंवा बारीक मुरूम मिसळावा, थोडे कुजलेले शेणखत घालावे, आणि खड्डा पुन्हा भरून त्यात आठळी आडवी ठेवून वर तीन-चार बोटे माती लोटावी. एका खड्ड्यात वीतभर अंतराने तीन आठळ्या टोकाव्यात. सर्व उगवतील असा भरवसा नसतो, आणि उगवल्या तर पुढे जोमदार एक ठेवता येते. दोन खड्ड्यांत वीस फूट अंतर आम्हांस बांधाकरिता पुरेसे वाटते. कोपऱ्यावर मात्र चुकू नये. रांगेतला एखादा ताड मेला तर चालेल, कोपऱ्याचा मरता कामा नये.

पहिले पान उगवते ते पंख्यासारखे नसते, साध्या गवताच्या रुंद पात्यासारखे असते. भांगलणीच्या बायका ते तण समजून काढतात, किंवा उसावर तणनाशक मारणारा गडी त्यावरही फवारा मारून मोकळा होतो. म्हणून प्रत्येक खड्ड्याशी उंच खुंटी ठोकून तीस रंगीत चिंधी बांधावी. पंख्याची पाने दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून दिसू लागतात. पहिले दोन उन्हाळे आठ-दहा दिवसांनी घागरभर पाणी मिळाले तर रोप झटकन बसते. उसाच्या बांधावर पाटाचा ओलावा असल्याने तेही बहुधा लागत नाही. डोंगराकडच्या गावांत रानडुक्कर व साळिंदर कंदाच्या वासाने जमीन उकरतात, तेथे वर काटेरी झुडूप दाबून ठेवावे. पण सर्वांत मोठा शत्रू रानातला नसून घरातला आहे, तो म्हणजे पाचट पेटविणारा मालक. एकदा भाजलेला ताड कंदाच्या जोरावर पुन्हा फुटेल. दरसाल भाजला तर तो वीस वर्षांनीही गुडघ्याएवढाच राहील. ज्यास पाचट जाळल्याशिवाय राहवत नाही त्याने ताडाच्या फंदात पडू नये.

मोठ्या झाडास गेंडा भुंगा व सोंड्या भुंगा उपद्रव देतात. गेंडा भुंग्याची अळी उकिरड्यात वाढते. खत चाळवून पांढऱ्या जाड अळ्या वेचल्या म्हणजे तो निम्मा आटोक्यात येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरीच्या मुखाकडील प्रदेशात शेंडा कुजण्याच्या रोगाने असंख्य ताड मेले, व बटलर नावाच्या शास्त्रज्ञाने त्याचा शोध लावून रोगट शेंडे कापून जाळण्याचा उपाय सांगितला. आमच्याकडे झाडेच थोडी, म्हणून रोगही नाही. तरी शेंड्याचे मधले पान एकाएकी पिवळे पडून हाताने उपटून आले तर ते झाड राखू नये. खालची वाळलेली पानेच तेवढी काढावीत, हिरव्यास हात लावू नये. सुगरण पक्षी या पानांस खोपे टांगतो व ताडपाकोळी पानाच्या खालच्या अंगास घरटे चिकटविते. ताडपाकोळी दिवसभर उडते किडेच खाते. सुगरण जोंधळ्यास थोडी लागते हे खरे, पण पिलांस ती किडे भरविते. आम्ही तिच्या बाजूने आहोत.

उत्पन्नाविषयी भलत्या आशा कोणी धरू नयेत. ताडात नर व मादी ही झाडे वेगवेगळी असतात, आणि फुलोरा येईपर्यंत, म्हणजे बारा ते वीस वर्षे, कोणते काय हे ब्रह्मदेवासही कळत नाही. सुमारे निम्मे नर निघतात व त्यांस फळ नाही. मादीस दरसाल सहा ते बारा घोस येतात. ताडगोळ्याकरिता उन्हाळ्यात दोन-तीन वेळा चढावे लागते, रोज नव्हे. तेवढ्यापुरता नारळ पाडणारा गडी मिळू शकतो, आणि फळ काढताना घोस दोरीने खाली सोडावा लागतो एवढे त्यास शिकविले म्हणजे झाले. घोस आठवडाभर उशिरा काढला तर गोळा दाताने तुटत नाही, हेही ध्यानात असावे. जुन्या झाडाच्या बाहेरच्या काळ्या कठीण लाकडाचे वासे घरास पिढ्यान् पिढ्या टिकतात, व पोकळ खोडाची पन्हळ होते. पण हे सर्व लावणाराच्या नातवाचे उत्पन्न. तमिळनाडू सरकारने २०२१ साली जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ताड तोडू नये असे ठरवून शहात्तर लक्ष ताडबिया वाटण्याचे योजिले. ज्या प्रांतात हे झाड राज्यवृक्ष आहे, तेथेही ते तोडण्याकडेच लोकांचा ओढा होता म्हणूनच ना?

आमची आपल्या संघास एक सूचना आहे. येत्या श्रावण-भाद्रपदात दोन माहितगार सभासद पालघर-डहाणूच्या बाजूस पाठवून पडलेल्या पक्व फळांची एक लहान गाडी भरून आणावी, व मागणीप्रमाणे सभासदांस वाटावी. त्याकरिता आषाढ अखेरपर्यंत प्रत्येकाने आपल्या बांधाची लांबी मोजून, वीस फुटांस तीन आठळ्या या मानाने मागणी संघाच्या कचेरीत लेखी द्यावी. फळे पोत्यांत कोंबून ताडपत्रीखाली झाकून आणू नयेत. ती तापतात व आतील बी उबून जाते. उघड्या टोपल्यांत आणावीत, आणि गाडी पोचल्यापासून पंधरा दिवसांच्या आत टोकणी उरकावी.